मनावरचा ताण आणि न घटणारे वजन

काळजीने माणूस वाळतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि मराठी भाषेत ती पक्की रुजलेली आहे. चिंतेने माणूस झुरतो, खंगतो, अर्धा होतो. सदा विवंचनेत असणाऱ्याच्या अंगाला अन्न लागत नाही, असे घरोघरी म्हटले जाते. तथापि एखादी सरकारी कचेरी, शाळेतील शिक्षकांची खोली किंवा पोलीस ठाणे येथे सभोवार नजर टाकली, तर निराळेच चित्र दिसते. कामाचा बोजा वाढत गेला, झोप उडाली, जेवणाच्या वेळा चुकू लागल्या आणि नेमक्या त्याच काळात कमरेचा पट्टा एकेक छिद्र पुढे सरकत गेला, असा अनुभव सांगणारे अनेकजण भेटतात. तपासणीत डॉक्टर वजन कमी करण्यास सांगतात. रात्रीचा भात बंद होतो, सकाळचे फिरणे सुरू होते, पहिल्या महिन्यात दोन किलो वजन उतरतेही. मग मार्चअखेर येते, निवडणुकीचे काम येते, घरात आजारपण येते आणि काटा निघाला होता तेथेच परत जाऊन थांबतो.

अशा वेळी दोष सहसा त्या व्यक्तीच्या निश्चयाला दिला जातो. ‘जिभेवर ताबा नाही’ हा शेरा घरची मंडळी मारतात, सहकारी मारतात आणि कालांतराने ती व्यक्ती स्वतःही तो मान्य करून टाकते. गेल्या तीन-चार दशकांत वैद्यकशास्त्रात या विषयावर जे काम झाले, ते पाहता हा शेरा फार घाईने मारला जातो असे म्हणावे लागते. दीर्घकाळ टिकणारा ताण भूक, झोप, स्नायू आणि चरबीचा साठा या सर्वांतच ढवळाढवळ करतो. वजन उतरवण्याचा प्रयत्न चालू असताना तर ती विशेष जाणवते.

लंडनच्या सरकारी सेवकांची पाहणी

ताणाने वाळणारा माणूस खरा की फुगणारा, या प्रश्नाचे उत्तर सरकारी सेवकांच्याच एका मोठ्या पाहणीतून मिळाले, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांना विशेष वाटावी. १९८५ ते १९८८ या काळात लंडनमधील ३५ ते ५५ वर्षे वयाच्या १०,३०८ शासकीय सेवकांची नोंद करून त्यांच्या प्रकृतीचा पाठपुरावा सुरू झाला. ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहण्यांपैकी ही दुसरी. मायकेल मार्मट हे तिचे प्रमुख. कार्यालयातील साहाय्यकापासून वरिष्ठ सचिवापर्यंत सर्व श्रेणींचे सेवक तिच्यात होते. सर्वांना नोकरीची शाश्वती होती आणि दारिद्र्याचा प्रश्न कोणापुढेच नव्हता. त्यामुळे कामाच्या ताणाचा परिणाम वेगळा काढून पाहणे सोपे गेले.

या पाहणीच्या आधारे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे दिसून आले की, पुरुष सेवकांवर ताणाचा परिणाम दोन्ही दिशांनी होतो. जे मुळात सडपातळ होते, ते कामाच्या ताणाखाली आणखी वाळले. जे मुळात स्थूल होते, त्यांचे वजन वाढले. स्त्रियांच्या बाबतीत मात्र असे सरळ विभाजन आढळले नाही. म्हणजे आपली जुनी समजूत खोटी नव्हती, ती अर्धी होती. ज्या काळात बहुसंख्य माणसे कष्टाने आणि अर्धपोटी राहण्याने कृशच होती, त्या काळात काळजीने ती आणखी कृश झालेली दिसली आणि भाषेने तेवढेच टिपून ठेवले.

त्याच वर्षी याच पाहणीतून दुसरा निष्कर्ष पुढे आला. चौदा वर्षांच्या काळात ज्यांनी तीन किंवा अधिक वेळा कामाचा ताण असल्याचे सांगितले होते, त्यांच्यात पोटाचा वाढलेला घेर, रक्तदाब, रक्तातील साखर आणि मेद यांचा एकत्रित बिघाड होण्याचा संभव ताण नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होता. या पाहणीत ‘ताण’ या शब्दाचा अर्थ केवळ पुष्कळ काम असा नव्हता. कामाची मागणी मोठी, पण ते कसे व केव्हा करावे यावर आपला अधिकार थोडा, या जोडीला तेथे ताण म्हटले होते. वेळापत्रक दुसऱ्याच्या हाती असलेल्या कोणाही सेवकाला ही व्याख्या समजावून सांगण्याची गरज पडू नये.

शरीरात काय घडते

शेतात काम करताना पायाशी साप दिसला, तर माणूस विचार करण्यापूर्वीच मागे उडी घेतो. छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, तोंड कोरडे पडते आणि भूक असली तरी पार नाहीशी होते. संकटाला भिडण्याची किंवा त्यापासून पळण्याची ही शारीरिक तयारी होय. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. पुढे १९३६ साली माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी दाखवून दिले की, थंडी, इजा, विष अशी कारणे भिन्न असली तरी शरीर त्यांना पुष्कळसा सारखाच प्रतिसाद देते आणि त्यात मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी मोठा भाग घेतात. ताण ही कल्पना वैद्यकात रूढ झाली ती प्रामुख्याने सेल्ये यांच्यामुळे.

या तयारीचे दोन टप्पे असतात. पहिल्या काही क्षणांत ॲड्रेनलिन हे संप्रेरक काम करते. ते भूक मारते. त्यामागोमाग मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाकडून पीयूषिका ग्रंथीला आणि पीयूषिकेकडून अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो आणि कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक रक्तात उतरते. त्याची कामगिरी साठ्याशी निगडित आहे. यकृताकडून साखर तयार करवून घेणे, त्यासाठी प्रसंगी स्नायूंतील प्रथिनेही मोडून वापरणे आणि संकट टळल्यावर खर्च झालेली ऊर्जा भरून काढण्यासाठी भूक वाढवणे, ही त्याची कामे. साप निघून गेला की तासाभरात सारे पूर्ववत होते. ही व्यवस्था उत्तमच आहे. ती अल्पकाळासाठी आहे एवढेच.

अडचण येते ती साप निघून जात नाही तेव्हा. थकलेले कर्ज, पूर्ण न झालेले उद्दिष्ट, अंथरुणाला खिळलेले वडील, रात्री दहा वाजता भ्रमणध्वनीवर येणारी ‘उद्या सकाळी माहिती सादर करावी’ ही सूचना, यांपैकी कशालाही उडी मारून टाळता येत नाही आणि धावून मागेही टाकता येत नाही. स्नायूंसाठी काढलेली साखर वापरली जात नाही. तिला आवर घालण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडावे लागते. कॉर्टिसॉल आणि इन्सुलिन दोन्ही चढे राहिले की चरबी साठू लागते आणि ती विशेषेकरून पोटाच्या आत, अवयवांभोवती साठते. तेथील चरबीच्या पेशी कॉर्टिसॉलच्या संदेशाला त्वचेखालील चरबीपेक्षा अधिक दाद देतात.

कॉर्टिसॉल फार झाल्यास शरीराचे काय होते, हे अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली वर्णन केलेल्या विकारात स्पष्ट दिसते. चेहरा गोल होतो, धड आणि पोट सुटते, हातपाय मात्र काडीसारखे बारीक होतात. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांतही असाच बदल दिसतो, कारण ती औषधे कॉर्टिसॉलच्याच कुळातील आहेत. रोजच्या काळजीने कोणास कुशिंगचा विकार होत नाही. तेथील प्रमाण फारच मोठे असते. शिवाय ताण असणाऱ्या प्रत्येकाचे कॉर्टिसॉल चढेच सापडते असेही नाही. निरोगी माणसात ते पहाटे-सकाळी सर्वांत अधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. दीर्घ ताणात पुष्कळदा बिघडतो तो हा दैनंदिन चढउतार. त्यामुळे रक्ताच्या एकाच तपासणीवरून ‘तुमचे कॉर्टिसॉल वाढले आहे, म्हणून वजन वाढले’ असे सांगणाऱ्यावर एकदम विश्वास ठेवू नये.

दिवसा उपाशी, रात्री अधाशी

ॲड्रेनलिन भूक मारते आणि कॉर्टिसॉल ती मागाहून वाढवते, हे ध्यानात घेतले म्हणजे अनेकांच्या दिनक्रमाचा उलगडा होतो. सकाळपासून धावपळ असते, दुपारचा डबा उघडलाही जात नाही आणि त्या व्यक्तीला भुकेची आठवणही होत नाही. घरी परतल्यावर, दारे बंद झाल्यावर, शरीर सारी उधारी एकदम मागते. त्या वेळी ताटात पडवळाची भाजी असली तरी हात जातो तो फरसाणाच्या डब्याकडे.

हात तिकडेच का जातो, याचाही अभ्यास झाला आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठातील एका प्रयोगात ५९ स्त्रियांना एक दिवस अवघड गणिते व भाषण यांसारख्या ताण देणाऱ्या कामांना आणि दुसऱ्या एका दिवशी निवांत विश्रांतीला बसवले गेले. नंतर त्यांच्यापुढे खाद्यपदार्थ ठेवण्यात आले. ताणामुळे ज्यांचे कॉर्टिसॉल अधिक चढत होते, त्या स्त्रियांनी ताणाच्या दिवशी अधिक खाल्ले आणि त्यातही गोडाला पसंती दिली. मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या विषयाची एकत्रित मांडणी केली. गोड व स्निग्ध अन्नाने मेंदूतील ताणयंत्रणा काही काळ खरोखरच शांत होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे कंटाळलेला कारकून संध्याकाळी वडापाव खातो तेव्हा तो चवीबरोबर थोडे औषधही घेत असतो. औषध लागू पडते, म्हणूनच सवय जडते.

आपल्याकडे या सवयीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत निरुपद्रवी दिसणारे साधन म्हणजे चहा. एका चहात दोन लहान चमचे साखर धरली आणि दिवसाकाठी सहा चहा धरले, तर साठ ग्रॅम साखर व सुमारे २४० उष्मांक होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेल्या मर्यादेनुसार दिवसाला २,००० उष्मांकांचा आहार घेणाऱ्याने वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी. बैठकीत पुढे आलेला चहा नाकारणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही, हे खरे. पण तो बिनसाखरेचा ठेवणे आयोजकांच्या हाती असते.

पथ्य चालू असताना

आतापर्यंत सांगितले ते वजन वाढण्याविषयी. वजन उतरवू पाहणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असे काही प्रयोग आहेत.

शिकागो विद्यापीठात दहा स्थूल व्यक्तींना चौदा-चौदा दिवसांच्या दोन मुदतींत सारखाच कमी उष्मांकांचा आहार देण्यात आला. एका मुदतीत त्यांना झोपण्यासाठी साडेआठ तास मिळत, दुसऱ्या मुदतीत साडेपाच तास. हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. दोन्ही वेळी वजन जवळजवळ सारखेच, सुमारे तीन किलो, उतरले. काट्यावर पाहणारा म्हणाला असता की, झोपेचा काही संबंध नाही. परंतु उतरलेल्या वजनाची फोड केली तेव्हा पुरेशा झोपेच्या मुदतीत चरबी १.४ किलो आणि अपुऱ्या झोपेच्या मुदतीत अवघी ०.६ किलो घटल्याचे आढळले. उरलेली घट बव्हंशी स्नायू व इतर उपयुक्त घटकांची होती. तेच ताट, तोच संयम. तरीही एका वेळी घरातील अडगळ बाहेर गेली आणि दुसऱ्या वेळी घराचे वासे. दहाच व्यक्तींचा हा प्रयोग लहान आहे, पण त्याची मोजणी काटेकोर होती आणि ताणाखाली पहिला बळी झोपेचाच जातो हे लक्षात घेता त्याचा अर्थ गंभीर आहे.

त्याच विद्यापीठात २००४ साली बारा निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगात सलग दोन रात्री चारच तास झोप मिळाल्यावर भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले आणि पोट भरल्याचा संदेश देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले. रात्रपाळी करणारे पोलीस, परिचारिका आणि मुक्कामाच्या फेऱ्या करणारे एस.टी.चे चालक-वाहक यांच्या भुकेचा विचार या आकड्यांच्या उजेडात व्हायला हवा.

ओहायो राज्य विद्यापीठातील ५८ स्त्रियांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली. सर्वांना ९३० उष्मांकांचे तुपकट जेवण देऊन पुढील काही तास शरीर किती ऊर्जा जाळते हे मोजले गेले. आदल्या दिवशी ज्यांना कसला ना कसला मनस्ताप झाला होता, त्यांच्या शरीराने तसा ताप न झालेल्यांच्या मानाने सरासरी १०४ उष्मांक कमी जाळले. एका मध्यम पोळीएवढा हा फरक. रोजच तसे घडत राहिले तर वर्षाकाठी सुमारे पाच किलोंचा फरक पडू शकेल, असा हिशेब संशोधकांनी २०१५ सालच्या निबंधात मांडला. हिशेब कागदावरचा आहे, कारण शरीर वर्षभर एकाच चालीने चालत नाही. पण दिशा कळण्यास तो पुरेसा आहे.

यापुढील गोष्ट वजन कमी करण्याचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पथ्य हाच एक ताण असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२१ स्त्रियांचे गट पाडून तीन आठवडे काहींना दिवसाला १,२०० उष्मांकांवर ठेवले, काहींना केवळ खाल्लेल्या अन्नाची नोंद ठेवण्यास सांगितले, तर काहींवर कोणतेच बंधन घातले नाही. ज्यांचे खाणे तोडले होते, त्यांचे कॉर्टिसॉल वाढले. केवळ नोंद ठेवणाऱ्यांचे ते वाढले नाही, पण मनाला जाचणारा ताण मात्र वाढला. म्हणजे ज्याच्या आयुष्यात आधीच ताण भरून आहे, त्याला ‘आणखी कडक पथ्य करा’ असे सांगणे हे बुडत्याच्या डोक्यावर ओझे ठेवण्यासारखे होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी छत्तीस तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांच्या वजनात सुमारे एक-चतुर्थांश घट झाली. पण त्या काळात त्यांचे मन अन्नाखेरीज दुसऱ्या विषयात रमेनासे झाले आणि बंधन उठल्यावर कित्येकांना किती खाल्ले म्हणजे पुरे हेच कळेना. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही आपली म्हण थट्टेची आहे, पण तिच्यात शरीराचा एक नियम सापडलेला आहे.

लठ्ठपणावरून होणारी चेष्टा हाही ताणच. वर्गात एखाद्या मुलाला ‘जाड्या’ म्हणून हाक मारली जाते आणि शिक्षक हसून सोडून देतात. कार्यालयात वरिष्ठांनी चारचौघांत केलेल्या विनोदाला सर्वांना हसावेच लागते. अशा बोलण्याने वजन उतरल्याचा पुरावा नाही. लाजेने खाणे चोरून होऊ लागते, मैदानावर जाणे टळते आणि दवाखान्याची पायरी चढणेही नकोसे होते.

काटा आणि मोजपट्टी

या विषयाचा आपल्या लोकांशी असलेला संबंध पुण्यातील एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळेल. के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, निर्देशांक २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस बाहेरून किडकिडीत दिसला तरी आतून, विशेषतः पोटात, चरबी बाळगून असतो, हे याज्ञिक यांच्या दीर्घ संशोधनाचे सूत्र आहे. ताणामुळे चरबी साठते तीही याच ठिकाणी. त्यामुळे आपल्याकडे केवळ वजनाच्या काट्यावर विसंबणे पुरत नाही. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी सुचवलेल्या मर्यादेनुसार कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये. शिंप्याकडची साधी मोजपट्टी एवढे काम करते.

प्रश्न शहरापुरता उरलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील अतिरिक्त वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. त्या वेळी पुरुषांचे प्रमाण २२.९ टक्के होते. याच देशात कुपोषणही आहे आणि कित्येकदा दोन्ही एकाच घरात नांदतात.

काय करता येईल

इतके वाचून कोणी असे समजू नये की, ताण असला म्हणजे आहार-व्यायामाचा हिशेब रद्द होतो. घेतलेली ऊर्जा आणि खर्चलेली ऊर्जा यांचा ताळेबंद कोणासही चुकत नाही. ताण त्यातील नोंदी बदलतो. तसेच नुसता ताण कमी केल्याने वजन झरझर उतरते असेही नाही. सॅन फ्रान्सिस्को येथे ४७ स्थूल स्त्रियांवर चार महिने झालेल्या एका प्रयोगात ध्यान आणि लक्षपूर्वक खाण्याचे शिक्षण देण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांच्या सरासरी वजनात फरक पडला नाही. मात्र अधिक लठ्ठ असलेल्या स्त्रियांपैकी शिक्षण घेतलेल्यांचे वजन स्थिर राहिले, न घेतलेल्यांचे वाढत गेले. वाढते वजन थोपवले जाणे हेही ताणाच्या काळात थोडे नव्हे. बाजारात मात्र ‘कॉर्टिसॉल उतरवणारी’ म्हणून चूर्णे आणि गोळ्या विकल्या जातात. त्यांनी वजन उतरते असे मानण्यास भरवशाचा आधार नाही.

व्यक्तीच्या पातळीवर पहिला उपाय झोपेचा, दुसरा दुपारच्या जेवणाचा. डबा वेळेवर उघडला आणि त्यात उसळ, पिठले, ताक किंवा अंडे यांपैकी काही असले, तर रात्रीची उधारी आपोआप कमी होते. चालण्याने स्नायू टिकतात आणि मनही हलके होते, म्हणून ताणाच्या आठवड्यात फिरणे बंद करण्याऐवजी अंतर निम्मे करावे. कठीण काळात वजन उतरवण्याचे उद्दिष्ट बाजूला ठेवून आहे ते टिकवणे हा पराभव मानू नये.

परंतु लंडनच्या पाहणीने ज्याला ताण म्हटले, त्यातील मोठा भाग व्यक्तीच्या हाती नसतोच. तो कामाची आखणी करणाऱ्याच्या हाती असतो. सकाळी आरोग्य शिबिरात वजनावर व्याख्यान ठेवायचे आणि आढावा बैठक बरोबर दुपारी एक वाजता लावायची, हा विरोधाभास पुष्कळ ठिकाणी आढळतो. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याने मिळालेला शनिवार भ्रमणध्वनीवरच्या सूचनांतच गेला, तर शरीराच्या दृष्टीने तो कामाचाच दिवस. बैठकीची सूचना वेळेवर देणे, जेवणाची सुटी राखणे, एकाच शिक्षकावर वा अंगणवाडी सेविकेवर सारी जादा कामे न टाकता ती वाटून देणे, कोणते काम आधी करावे हे ठरवण्याची थोडी मोकळीक देणे, यांसाठी वेगळ्या तरतुदीची गरज पडत नाही. घरात हाच न्याय स्त्रियांना लावावा लागेल. सकाळी पाणी भरण्यापासून रात्री भांडी घासण्यापर्यंत ज्या बाईचा दिवस संपत नाही, तिला सहा तासांची सलग झोप मिळते का, हा प्रश्न तिचे वजन विचारण्याआधी विचारायला हवा.

ताण हाताबाहेर गेल्यासारखा वाटत असेल, तर मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

शेवटी दोन सावधगिरीच्या गोष्टी. सांधेदुखी किंवा दम्यावर ‘देशी’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. अशी पुडी घेऊ लागल्यावर दुखणे जादूसारखे थांबले आणि चेहरा व पोट फुगू लागले, तर ते ताणाचे लक्षण समजू नये. डॉक्टरांना पुडी दाखवावी. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. याउलट, काहीही प्रयत्न न करता एखाद्याचे वजन उतरू लागले, तर ‘काळजीने वाळला’ असे म्हणून गावाने स्वस्थ बसू नये. मधुमेह, गळ्यातील अवटू ग्रंथीचा विकार आणि क्षयरोग यांतही माणूस असाच वाळतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटते वजन ही लक्षणे एकत्र दिसल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. शासकीय आरोग्य केंद्रात ती विनामूल्य होते.